फेजचे म्युटंट पकडायचे कसे आणि त्यांच्यावरून डीएनएची ठेवण ओळखायची कशी

बीएस्सी मायक्रोला सांडपाण्यातून कोलायफेज, म्हणजे ई. कोलाय या जीवाणूवर वाढणारे व्हायरस, काढायचं प्रॅक्टिकल बहुतेक सगळ्यांनी केलेलं असतं. प्लाक (जीवाणूंच्या थरात फेजने पाडलेले स्वच्छ ठिपके) मोजले, टायटर (मिलीला किती फेज) काढला, जर्नलवर सही घेतली, संपलं. पण त्याच प्लेटवर, त्याच सॉफ्ट अगारमध्ये फेजचा म्युटंट, म्हणजे डीएनएत बदल झालेला फेज, पकडून जीनच्या आत काय आहे ते बघता येतं आणि डीएनएची टोकं कशी असतील याचाही अंदाज बांधता येतो, हे मात्र पोरांना फारसं कुणी सांगत नाही. १९५० आणि ६० च्या दशकात सिक्वेन्सिंग नव्हतं, तेव्हा लोकांनी जीनचा आतला नकाशा असाच काढला, प्लेटांमागून प्लेटा मोजून. त्यातलं बरंचसं आजही साध्या कॉलेज लॅबमध्ये जमतं, इनक्युबेटर, वॉटर बाथ, ऑटोक्लेव्ह आणि चिकाटी एवढं असलं की झालं. मी इथे मुख्यतः टी४ आणि लॅम्डा या दोन फेजबद्दल लिहितेय, दोन्ही ई. कोलायवर वाढतात आणि दोघांच्या डीएनएची टोकं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की शेजारी शेजारी ठेवून शिकायला यांच्यासारखी जोडी नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फेज स्वतःहून काहीच करत नाही, तो होस्टच्या, म्हणजे जीवाणूच्या, आत गेला तरच वाढतो. मग ज्या म्युटंटचा महत्त्वाचा जीन बिघडलाय तो वाढणारच नाही, आणि वाढलाच नाही तर तुम्हाला दिसणार कसा? म्हणून फेज जेनेटिक्समध्ये नेहमी दोन परिस्थिती लागतात, एक अशी की जिच्यात म्युटंटसुद्धा वाढतो आणि दुसरी अशी की जिच्यात फक्त वाइल्ड टाइप, म्हणजे मूळचा न बिघडलेला फेज, वाढतो. या दोन परिस्थिती म्हणजे कधी दोन वेगळे होस्ट असतात, कधी दोन तापमानं. म्युटंट शोधायला लागण्याआधी ही जोडी तुमच्या हातात आहे का ते बघा, नसेल तर महिनाभर प्लेटा ओतून पण काही सापडणार नाही.

टी४ च्या आर-टू म्युटंटसाठी (आर म्हणजे सेल पटापट फोडणारे म्युटंट, आर-टू हा त्यांचा एक प्रकार) ही जोडी म्हणजे ई. कोलाय बी आणि ई. कोलाय के१२ लॅम्डा, म्हणजे ज्या के१२ च्या क्रोमोसोममध्ये लॅम्डाचा डीएनए प्रोफेज म्हणून गुपचूप बसलेला आहे तो स्ट्रेन. अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत सीमोर बेन्झर यांनी १९५५ मध्ये हे छापलं की आर-टू म्युटंट बी वर मस्त वाढतात पण के१२ लॅम्डावर अजिबात वाढत नाहीत. बेन्झर मूळचे फिजिक्सवाले, आणि या एका निरीक्षणाची ताकद त्यांना बरोबर कळली. बी वर कोट्यवधी फेज वाढवायचे, सगळे के१२ लॅम्डावर ओतायचे, आणि त्यातला एखादाच वाइल्ड टाइप असला तरी तो प्लाक बनून वर येतो. कोटीत एक शोधायची चाळणी फुकटात मिळाली. याच्यामागचं कारण लॅम्डाच्या रेक्स नावाच्या जीन्समध्ये आहे, प्रोफेजचे हे जीन चालू असले की आर-टू बिघडलेला टी४ आत शिरतो खरा पण अर्ध्यातच त्याचं काम थांबतं.

स्ट्रेन आणल्यावर ते खरंच तेच आहेत का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. के१२ लॅम्डा खरा लायसोजेन, म्हणजे प्रोफेज बाळगणारा, असेल तर त्याच्या लॉनवर (प्लेटवरच्या जीवाणूंच्या सलग थरावर) लॅम्डाचा थेंब टाकला तरी प्लाक येत नाही, कारण तो इम्यून असतो, आणि त्याच्या ओव्हरनाईट कल्चरचं वरचं पाणी क्लोरोफॉर्म मारून साध्या के१२ वर टाकलं तर प्लाक येतात. वाइल्ड टी४ त्याच्यावर वाढला पाहिजे. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच स्ट्रेन वापरा. पुण्यात एनसीएलमध्ये (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) एनसीआयएम म्हणून मायक्रोबचं कलेक्शन आहे, तिथे कॉलेजच्या लेटरहेडवर चौकशी करून बघा, नाहीतर ज्या डिपार्टमेंटमध्ये फेजवर काम चालतं त्यांच्याकडे मागा, फेजवाले लोक स्ट्रेन द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत.

आता प्लेट ओतायचं. हे सगळ्यांना येतं असं वाटतं पण अर्ध्याहून जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. खालचा अगार १.५ टक्के, वरचा सॉफ्ट अगार ०.६ ते ०.७ टक्के. खालची प्लेट ओतून एक रात्र बाहेर ठेवून वाळवलेली हवी, ओल्या प्लेटवर प्लाक एकमेकांत वाहत जातात आणि मग कडा कशी आहे हे कळतच नाही, आणि आपल्याला तर कडाच बघायचीय. सॉफ्ट अगार वितळवून ३-३ मिलीच्या ट्यूबमध्ये ४६-४७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, त्याहून गरम असेल तर होस्ट मरतो आणि थंड असेल तर ओतताना गाठी होतात. होस्ट लॉग फेजमधला घ्या (इथे फेज म्हणजे वेगाने वाढायचा टप्पा, व्हायरस नव्हे), म्हणजे सकाळी ओव्हरनाईट कल्चरमधून ताजं लावून दोनेक तास हलवलेला, त्याचे ०.२ मिली, फेजच्या डायल्युशनचे ०.१ मिली, ट्यूब दोन्ही तळहातांमध्ये एकदा फिरवायची आणि लगेच ओतायची, बुडबुडे नकोत. ३७ डिग्रीला ओव्हरनाईट. दहा लाख पट डायल्युशनचे ०.१ मिली टाकून १४२ प्लाक आले तर मूळ स्टॉकमध्ये मिलीला १४२ कोटी फेज आहेत. म्युटंट बघायच्या प्लेटवर मात्र गर्दी नको, शंभरेक प्लाक पुरे, नाहीतर मोठे प्लाक एकमेकांना चिकटतात.

प्लाक बघताना प्लेट उजेडाकडे धरा, पाठीमागे काळा कागद असेल तर अजून चांगलं. वाइल्ड टाइप टी४ चा प्लाक बी वर लहान असतो आणि कडेला धुरकट, म्हणजे मधे स्वच्छ आणि बाजूने हळूहळू लॉनमध्ये मिसळत गेलेला. आर म्युटंटचा प्लाक मोठा, कडा पंचने कापल्यासारखी तीक्ष्ण. एकदा दोन्ही शेजारी पाहिले की परत कधी चुकायला होत नाही. हा फरक का पडतो तर वाइल्ड टी४ ने इन्फेक्ट झालेल्या सेलवर थोड्या वेळाने दुसरा टी४ येऊन बसला की तो सेल लगेच फुटत नाही, फुटणं लांबवतो, त्याला लायसिस इन्हिबिशन म्हणतात. आर म्युटंटमध्ये ही लांबवण्याची सोय बिघडलेली असते, सेल पटापट फुटतात आणि प्लाक मोठा नि स्वच्छ होतो. अल्फ्रेड हर्शी यांनी १९४६ मध्येच या म्युटंटबद्दल लिहिलं होतं, आणि त्यासाठी मुद्दाम कुठलं म्युटाजेन (म्युटेशन घडवणारं रसायन) घालावं लागत नाही, काही हजार प्लाक नीट बघितले की आपोआप झालेले आर सापडतात. कॉलेजमध्ये तरी आपोआप झालेल्यांवरच काम करा असं मी आग्रहाने सांगेन. म्युटाजेन म्हणजे तुमच्या स्वतःच्या डीएनएलाही धोका, आणि इथे त्याची गरजही नाही.

आर प्लाक सापडला की निर्जंतुक टूथपिकने मधोमध टोचून १ मिली बफरमध्ये झटका, एक थेंब क्लोरोफॉर्म, आणि परत बी वर ओता. हे शुद्धीकरण किमान दोनदा करा, कारण टोचलेल्या प्लाकमध्ये शेजारचे वाइल्ड फेज हमखास मिसळलेले असतात आणि पुढे के१२ लॅम्डावर तेच वर येऊन तुमचं गणित बिघडवतात. स्टॉक काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये ४ डिग्रीला ठेवा. पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये क्लोरोफॉर्म घातला तर ट्यूबच विरघळते.

आता प्रत्येक आर म्युटंट तीन होस्टवर टाकायचा, बी, साधा के१२ आणि के१२ लॅम्डा. सगळे आर एकाच जीनचे नसतात. आर-वन असेल तर तिन्हीवर मोठे तीक्ष्ण प्लाक येतात. आर-थ्री असेल तर बी वर मोठे, पण दोन्ही के१२ वर वाइल्डसारखे. आणि आर-टू असेल तर बी वर मोठे, साध्या के१२ वर वाइल्डसारखे, आणि के१२ लॅम्डावर काहीच नाही. आपल्याला हा आर-टू हवाय. दिसायला बी वर तिघेही सारखेच, फरक होस्ट बदलल्यावर कळतो.

दहा-वीस आर-टू जमले की खरं काम सुरू होतं. पहिला प्रश्न, हा म्युटंट परत वाइल्ड होतो का? प्रत्येकाचा जाड स्टॉक, मिलीला निदान शंभर कोटी, के१२ लॅम्डावर सरळ ओतून बघा. काही म्युटंट थोडे प्लाक देतात, म्हणजे कुणाचा तरी बिघाड आपोआप दुरुस्त झाला, हे पॉइंट म्युटंट, एखाद्या बेसचा, म्हणजे डीएनएच्या एका अक्षराचा, मामला. काही म्युटंट कितीही ओतले तरी शून्य, कधीच नाही. त्यांच्यावर लाल पेनने खूण करा, ते बहुधा डिलीशन आहेत, म्हणजे डीएनएचा तुकडाच उडालेला, आणि उडालेला तुकडा आपोआप परत येत नाही. पुढे नकाशा काढायला हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, त्यामुळे सांभाळून ठेवा.

दुसरा प्रश्न, दोन म्युटंट एकाच जीनमध्ये बिघडलेत का वेगवेगळ्या? यासाठी कॉम्प्लिमेंटेशन. के१२ लॅम्डाच्या सॉफ्ट अगारमध्ये एक म्युटंट भरपूर मिसळून प्लेट ओता आणि वर दुसऱ्या म्युटंटचे थेंब ठेवा. थेंबाच्या जागी पूर्ण स्वच्छ डाग पडला तर दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली, म्हणजे बिघाड दोन वेगळ्या जीन्समध्ये. डाग पडला नाही, किंवा नुसते तुरळक सुटे प्लाक आले, तर बिघाड एकाच जीनमध्ये आहे आणि ते सुटे प्लाक रीकॉम्बिनेशनने, म्हणजे दोन डीएनएच्या अदलाबदलीने, झालेले वाइल्ड आहेत. पूर्ण डाग आणि सुटे प्लाक हा फरक फार महत्त्वाचा, विद्यार्थी दोन्हीला 'पॉझिटिव्ह' लिहून मोकळे होतात. बेन्झर यांना या चाचणीत आर-टूचे सगळे म्युटंट दोनच गटांत पडलेले दिसले, ए आणि बी (हा बी म्हणजे ई. कोलाय बी नव्हे), आणि त्यांनी अशा एका गटाला सिस्ट्रॉन असं नाव दिलं. आज आपण जीन म्हणतो ते जवळपास हेच. डिलीशन जर ए आणि बी दोन्ही खाऊन बसलं असेल तर ते कुणालाच मदत करत नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न, जीनच्या आत नेमका कुठे? इथे डिलीशन कामाला येतात. एका छोट्या ट्यूबमध्ये डिलीशन म्युटंट, पॉइंट म्युटंट आणि थोडा बी होस्ट एकत्र करा, पाचेक मिनिटं फेजना चिकटू द्या आणि थेंब के१२ लॅम्डाच्या लॉनवर ठेवा. बी च्या आत दोन्ही फेज एकत्र शिरतात, डीएनएची अदलाबदल होते, आणि पॉइंट म्युटंटचा बिघाड जर उडालेल्या तुकड्याच्या बाहेर असेल तर वाइल्ड तयार होऊन प्लाक येतात. बिघाड उडालेल्या तुकड्याच्या आतच असेल तर वाइल्ड कुठून येणार, ती चांगली जागा दोघांपैकी कुणाकडेच नाही, मग लॉन कोरं. हो किंवा नाही, मोजायची गरज नाही. बेन्झर यांच्याकडे मोठ्या डिलीशनचा एक संच होता, १२७२, १२४१, जे३, पीटी१, पीबी२४२, ए१०५ आणि ६३८ हे त्यांचे नंबर, १२७२ मध्ये आर-टूचा भाग सगळाच गेलेला आणि ६३८ मध्ये फक्त बी चा. एक नवीन म्युटंट या सातांशी एकदा टेस्ट केला की तो नकाशाच्या कुठल्या मोठ्या भागात आहे ते कळायचं, मग त्या भागातल्या लहान डिलीशनशी परत टेस्ट, मग अजून लहान. हजारो म्युटंट त्यांनी असे जागेवर बसवले आणि त्यातून दिसलं की म्युटेशन सगळीकडे सारखी होत नाहीत, काही जागांवर एकदाही नाही आणि एखाद्या जागेवर शेकडो. त्या जागांना हॉटस्पॉट म्हणतात. तुमच्या वीस म्युटंटमध्येसुद्धा दोन-तीन एकाच जागी पडलेले निघाले तर घाबरू नका, तसंच अपेक्षित आहे.

एकाच भागात पडलेल्या दोन पॉइंट म्युटंटमधलं अंतर काढायचं असेल तर मात्र मोजावं लागतं. बी मध्ये दोन्ही म्युटंट एका जीवाणूमागे पाच-पाच या हिशोबाने घाला, चिकटल्यावर डायल्यूट करा, तासाभराने क्लोरोफॉर्म घालून उरलेले सेल फोडा. आता जे फेज निघाले ते के१२ लॅम्डावर ओता, तिथे फक्त वाइल्ड रीकॉम्बिनंट मोजले जातात, आणि बी वर ओता, तिथे सगळे मोजले जातात. समजा के१२ लॅम्डावर हजार पट डायल्युशनचे ०.१ मिली टाकून ८४ प्लाक आले, म्हणजे मिलीला ८ लाख ४० हजार. बी वर दहा लाख पट डायल्युशनचे ०.१ मिली टाकून १६८ आले, म्हणजे मिलीला १६८ कोटी. भागाकार ०.०५ टक्के. याला दोनने गुणायचं, कारण अदलाबदलीत जेवढे वाइल्ड होतात साधारण तेवढेच दोन्ही बिघाड असलेले डबल म्युटंट पण होतात आणि ते के१२ लॅम्डावर दिसत नाहीत. म्हणून अंतर ०.१ टक्का. सोबत दोन्ही म्युटंट एकेकटे बी मध्ये वाढवून के१२ लॅम्डावर ओतायचेच, आपोआप दुरुस्त झालेले किती आहेत ते कळायला, आणि तो आकडा वजा करायचा. हा कंट्रोल नसेल तर एवढी लहान अंतरं मोजण्याला काहीच अर्थ नाही. पूर्वी जीन म्हणजे न फुटणारा मणी मानायचे, या मोजणीने दाखवलं की अदलाबदल जीनच्या आतही होते, अगदी मोजक्या बेस पेअरच्या अंतरावर.

याच आर-टूच्या बी भागावर केंब्रिजमध्ये फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर, लेस्ली बार्नेट आणि रिचर्ड वॉट्स-टोबिन यांनी १९६१ मध्ये जे केलं ते मला आजही फेज जेनेटिक्समधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. प्रोफ्लेविनने झालेले म्युटंट घ्यायचे, ज्यात एखादा बेस जास्त घुसतो किंवा गळतो. एक प्लस आणि एक मायनस जवळजवळ आणले तर फेज जवळपास वाइल्डसारखा वागतो. दोन प्लस आणले तर नाही. तीन प्लस आणले तर परत वागतो. यावरून कोड तीन-तीन बेसचा वाचला जातो हे निघालं, एकही बेस वाचून न बघता, निव्वळ के१२ लॅम्डावर प्लाक येतोय का नाही एवढ्यावर.

आर-टूचे जीन साध्या होस्टवर नसले तरी चालतं, म्हणून तिथे होस्ट बदलून काम भागलं. पण फेजचं डोकं (ज्यात डीएनए भरलेला असतो) बनवणारा, शेपूट बनवणारा जीन बिघडला तर कुठल्याच साध्या होस्टवर तो वाढणार नाही. त्यासाठी कंडिशनल म्युटंट. एक प्रकार तापमानाचा, २५ डिग्रीला वाढतो आणि ४२ ला नाही. दुसरा प्रकार अंबर, ज्यात जीनच्या मधेच यूएजी हा थांबायचा कोडॉन (तीन बेसचा शब्द) तयार झालेला असतो, प्रोटीन अर्धवट तुटतं आणि ई. कोलाय बी वर फेज वाढत नाही, पण सीआर६३ सारख्या सप्रेसर होस्टमध्ये त्या कोडॉनवर एक अमिनो आम्ल बसवणारा टीआरएनए असतो, तिथे वाढतो. शोधायची रीत तीच, सीआर६३ वरचा प्रत्येक प्लाक टोचून आधी बी वर आणि मग सीआर६३ वर ठिपका द्यायचा, बी वर काही नाही आणि सीआर६३ वर आहे तो तुमचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण जीन कुठलाही असो, हीच रीत चालते. १९६४ मध्ये केंब्रिजमध्येच आनंद साराभाई यांनी ब्रेनर वगैरेंबरोबर टी४ च्या डोक्याच्या प्रोटीनच्या जीनमधले अंबर घेतले आणि दाखवलं की अंबर जीनमध्ये जितका पुढे तितका प्रोटीनचा तुकडा लांब. जीन आणि प्रोटीन एकाच क्रमाने चालतात याचा तो थेट पुरावा होता, आणि त्या पेपरवरचं पहिलं नाव अहमदाबादच्या माणसाचं आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

आता डीएनएच्या टोकांकडे येऊ, कारण इथे म्युटंट आणि डीएनएची ठेवण यांचा संबंध सगळ्यात छान दिसतो.

टी४ चा नकाशा रीकॉम्बिनेशनवरून काढत गेलं की तो गोल निघतो, म्हणजे शेवटचा जीन परत पहिल्याच्या शेजारी येतो. पण फेजमधून काढलेला डीएनए मात्र सरळ दोरा असतो, त्याला दोन टोकं असतात. हे कसं? जॉर्ज स्ट्रायसिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात याचा उलगडा केला. टी४ सेलच्या आत जीनोम एकापुढे एक जोडलेला लांबलचक दोरा बनवतो आणि डोक्यात मावेल तेवढा भरून कापतो, जीनोम कुठे संपतो हे तो बघतच नाही. डोक्यात जीनोमपेक्षा थोडं जास्त मावतं, जीनोम १,६८,९०३ बेस पेअरचा आणि भरला जाणारा डीएनए त्याहून काही हजार बेस पेअर मोठा. म्हणून प्रत्येक कणात सुरुवातीचा थोडा भाग शेवटी परत येतो, आणि कापायची जागा सरकत जात असल्यामुळे प्रत्येक कणाची सुरुवात वेगळ्या जीनपासून होते. सगळ्या कणांचा मिळून नकाशा काढला तर तो गोलच निघणार.

याची खूण तुम्हाला प्लेटवरही दिसते. आर आणि वाइल्डचा क्रॉस करून, म्हणजे दोघांना एकाच सेलमध्ये वाढवून, निघालेले फेज बी वर ओतले तर मधेमधे चितकबरे प्लाक येतात, अर्धी कडा तीक्ष्ण, अर्धी धुरकट. काही वेळा ते शेजारी पडलेले दोन फेज असतात, पण बाकीचे खरोखर एकाच कणातून आलेले, ज्यात एकाच जीनच्या दोन्ही आवृत्त्या आहेत. हर्शी आणि मार्था चेस यांनी १९५१ मध्ये मोजलं तेव्हा असे साधारण २ टक्के निघाले. त्यातल्या काहींमध्ये डीएनएच्या दोन स्ट्रँड जुळत नसतात, आणि काहींमध्ये पुढच्या टोकाला एक आवृत्ती, मागच्या टोकाला दुसरी.

आता विचार करा, टी४ मध्ये मोठं डिलीशन झालं तर काय होईल? जीनोम छोटा झाला, पण डोकं तेवढंच. भरताना तेवढाच डीएनए भरला जाणार, म्हणजे टोकाला परत येणारा भाग उलट मोठा होणार. तसंच दिसलंही, डिलीशन असलेल्या टी४ मध्ये दोन आवृत्त्या असलेले कण वाढतात.

लॅम्डामध्ये हेच डिलीशन अगदी वेगळं वागतं. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ बेस पेअरचा, आणि तो कॉस नावाच्या ठरलेल्या जागेवरच कापला जातो, एका कॉसपासून पुढच्या कॉसपर्यंत. प्रत्येक कणाची टोकं सारखी. इथे डिलीशन झालं तर दोन कॉसमधलं अंतर कमी होतं आणि डोक्यात खरोखरच कमी डीएनए जातो. डोकं मूळ लांबीच्या साधारण ७८ ते १०५ टक्के एवढं चालवून घेतं, त्यापेक्षा कमीजास्त झालं तर कण नीट बनत नाही. क्लोनिंग व्हेक्टर म्हणून लॅम्डा वापरताना किती मोठा तुकडा घालता येईल याला जी मर्यादा येते ती इथूनच.

आणि यावरून लॅम्डाचे डिलीशन म्युटंट पकडायची एक फार हुशार रीत निघते. डोक्यात डीएनए ठासून भरलेला असतो, त्याच्या ऋण भारांना शांत ठेवायला मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए सारख्या चिलेटरने मॅग्नेशियम काढून घेतलं की वाइल्ड लॅम्डाचे कण आतल्या दाबाने फुटतात. ज्यांच्यात डीएनए कमी आहे त्यांच्यात दाब कमी, ते टिकतात. म्हणून लॅम्डाचा स्टॉक ईडीटीएमध्ये ठेवायचा, मग भरपूर मॅग्नेशियम घालून थांबवायचं, वाचलेले वाढवायचे, परत तेच, दोन-तीन फेऱ्या. वाचणाऱ्यांमध्ये डिलीशन झालेल्यांचं प्रमाण वाढत जातं. होस्ट वाढवताना माल्टोज घालायला विसरू नका, लॅम्डा ज्या दारातून आत शिरतो ते प्रोटीन माल्टोज असलं की भरपूर बनतं आणि ग्लुकोज असलं की दबतं. लॅम्डाचा वाइल्ड प्लाक मधे दुधाळ असतो, कारण काही सेल लायसोजेन होऊन तिथेच वाढत राहतात. पूर्ण स्वच्छ प्लाक दिसला तर तो सी-वन, सी-टू किंवा सी-थ्री जीनचा म्युटंट असणार, तो डिलीशनच असेल असं नाही.

ही टोकं डोळ्यांनी बघायची असतील तर जेल चालवा, त्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन बँड म्हणून दिसतात, आणि ते तर आपल्या प्रत्येक बायोटेक डिपार्टमेंटमध्ये होतंच. लॅम्डा डीएनए हिंड-थ्री या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (डीएनएला ठरावीक साईटवर कापणाऱ्या) कापला की आठ तुकडे होतात, २३,१३०, ९,४१६, ६,५५७, ४,३६१, २,३२२, २,०२७, ५६४ आणि १२५. बेरीज करून बघा, बरोबर ४८,५०२ येते. बाजारात मिळणारा लॅम्डा डीएनए बऱ्याचदा सी-वन ८५७ आणि एस-एएम-७ असं लिहिलेला असतो, तेही म्युटंटच आहेत. पहिल्यामुळे लायसोजेन ४२ डिग्रीला नेलं की फेज बनायला लागतात, आणि दुसरा एस जीनमधला अंबर, त्यामुळे सेल आपोआप फुटत नाहीत, आत फेज साठत राहतात आणि उत्पादन भरपूर येतं. वर्षानुवर्षं मार्कर म्हणून वापरत असलेल्या त्या बाटलीवर कंडिशनल म्युटंटचा अख्खा धडा लिहिलेला असतो.

तर कापलेल्या डीएनएच्या दोन ट्यूब करा. एक ६५ डिग्रीला दहा मिनिटं ठेवून थेट बर्फात घाला, दुसरी तशीच. दोन्ही ०.८ टक्के अगारोजवर शेजारी चालवा, सावकाश, कमी व्होल्टेजवर, नाहीतर वरचे बँड वेगळे होत नाहीत. गरम केलेल्या लेनमध्ये ४,३६१ चा बँड ठळक असतो. न गरम केलेल्यात तो फिका पडतो किंवा गायब होतो, आणि सगळ्यात वर २३,१३० च्याही थोडं वर जाड बँड दिसतो. कारण हे दोन तुकडे म्हणजे लॅम्डाची दोन टोकं, प्रत्येकावर १२ बेसचं एकेरी शेपूट, आणि ती शेपटं एकमेकांना पूरक असल्यामुळे आपोआप चिकटतात, २७,४९१ चा एक तुकडा होतो. ६५ डिग्रीला ती सुटतात. सेलमध्ये शिरल्यावर लॅम्डा याच शेपटांनी स्वतःला गोल करून घेतो. ५०० नॅनोग्रॅम लोड केलेत तर ५६४ च्या वाट्याला जेमतेम ६ नॅनोग्रॅम येतात आणि १२५ च्या वाट्याला सव्वा, त्यामुळे खालचे बँड दिसत नाहीत म्हणून एन्झाइमला दोष देऊ नका.

टी४ चा डीएनए घेऊन हेच करायला गेलात तर हिंड-थ्री त्याला कापणारच नाही. टी४ सायटोसिनच्या जागी हायड्रॉक्सिमिथाइल सायटोसिन वापरतो आणि वर त्याला ग्लुकोज चिकटवतो, बहुतेक रिस्ट्रिक्शन एन्झाइमना ती साईट ओळखताच येत नाही. ड्रा-वन किंवा एसएसपी-वन घ्या, त्यांच्या साईटमध्ये फक्त ए आणि टी आहेत, ती कापतात. बँड खूप येतील, पण लॅम्डासारखे ठरलेले टोकाचे तुकडे त्यात शोधत बसू नका. प्रत्येक कणाची सुरुवात वेगळी असल्यामुळे टोकाचे तुकडे हजार वेगळ्या लांबींचे होतात आणि लेनमध्ये नुसती पुसट धूसर पट्टी म्हणून पसरतात. ट्यूब गरम केली काय आणि न केली काय, लेन सारखीच दिसेल.